हस्ताक्षर ‘इ’ : मोठ्या काकांच्या ट्रंकेच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४
माळ्यावरची काळी ट्रंक आज खाली आणली. तिघं लागले. झाकणावर मोठ्या काकांची आद्याक्षरं पांढऱ्या रंगात, आणि खाली बोटीचं अर्धं सोललेलं लेबल : ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’. म्हणजे प्रवासात न लागणारं सामान, बोटीच्या तळात टाकायचं. लहानपणी कुणीतरी मला याचा अर्थ ‘नको असलेली’ असा सांगितला होता. ती माळ्यावर का पडलीय याचं उत्तर मला तेवढ्यात मिळालं होतं.

आत फक्त घरून गेलेली पत्रं आहेत. काका हनोई, कैरो, बेलग्रेड, शेवटी नैरोबी असे फिरले, मधेमधे दिल्लीत. जिथे गेले तिथे हा ढीग त्यांनी बरोबर नेला आणि निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याला परत आणला. त्यांनी घरी पाठवलेली पत्रं मात्र इथे वाळवीने खाल्ली. संवादाची एकच बाजू शिल्लक आहे, तीही आपली.

मुदत : फेब्रुवारी. त्यानंतर काजू बीची खरेदी सुरू होईल, मग मला जेवायलाही फुरसत नाही.

१७ नोव्हेंबर
मोजणी झाली. ४१२ पत्रं. काही अंतर्देशीय, काही लिफाफे, थोडी कार्डं. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून येतो, गोळ्या कधीच्याच उडून गेल्यात. कसर लागलीय, पण फक्त कडांना. खरा शत्रू टाचण्या. गंजून कागदाशी एकजीव झाल्यात. टाचणीखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवायची, गंज सुटेपर्यंत हलकेच हलवायची आणि मग ओढायची. घाई केली की भोक. आज ३८ टाचण्या, ४ भोकं.

हायग्रोमीटर ७४ टक्के दाखवतोय. दिवाळी होऊन गेली तरी कपाटाच्या मागे भिंत ओलीच.

२३ नोव्हेंबर
दोन दिवस एका कोड्यात गेले. काका बेलग्रेडला होते त्या वर्षांतल्या लिफाफ्यांवर देशातल्या देशातलंच तिकीट. शिक्के वेंगुर्ले आणि नवी दिल्ली. पुढे काहीच नाही. मला वाटलं, ही पत्रं दिल्लीतच पडून राहिली की काय? पण प्रत्येक पत्राच्या उजव्या कोपऱ्यात काकांची लाल पेन्सिल आहे : ‘पोचले’ आणि तारीख, खाली ‘उत्तर’ आणि तारीख. फाइलवर शेरा मारावा तसं. एके ठिकाणी ‘बॅगने’ असाही शब्द सापडला, आणि उलगडा झाला.

पत्ता परराष्ट्र मंत्रालयाचा असायचा. तिथून पुढे पत्र राजनैतिक बॅगेतून जायचं. या बॅगेला १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं संरक्षण आहे. कुठल्याही देशाच्या सरकारने ती उघडायची नाही, अडवून ठेवायची नाही. मूळ हेतू सरकारी कागदांचा. त्या मोहोरबंद थैलीच्या एका कोपऱ्यात घरची पत्रंही जात, आणि त्यांच्यात आमच्या गोठ्यातल्या वासराची हकिकत.

आजीने ‘बॅग’ हा शब्द ऐकला आणि तिला बाजाराची पिशवी वाटली. एका पत्रात सरळ विचारलंय : ‘तुझे पिशयेत सोलां घालूक जागा आसा काय?’

गावातला दुसरा घोटाळा याहून जुना. मराठीत दूतावासाला वकिलात म्हणतात. त्यामुळे काका रजेवर आले की लोक सातबारा घेऊन हजर. ‘वकिलातीत आसा म्हणजे वकीलच मा?’ काका प्रत्यक्षात सायफर असिस्टंट होते, सांकेतिक तारा लिहिणारे आणि उलगडणारे. निवृत्तीपर्यंत सेकंड सेक्रेटरी झाले. पण बांधाच्या भांडणात त्यांचा सल्ला घेतलेली दोन घरं अजून आहेत आणि दोघांनाही तो सल्ला लाभला नाही.

१ डिसेंबर
ढगाळ. मोहोर यायच्या दिवसांत हे ढग बघून आंबेवाले शिव्या घालतायत, मी हायग्रोमीटरला. आज स्कॅनिंग बंद ठेवलं.

अक्षरांवरून गट पाडले. ‘अ’ म्हणजे आजोबा, सगळी मोडीत. ‘आ’ म्हणजे आत्या, सुवाच्य, शुद्धलेखनासह. ‘ई’ म्हणजे माझे बाबा, एकूण सात पत्रं, सगळ्यांत पेन मागितलेलं. आणि ‘इ’. हे कुणाचं ते कळत नाही. पेन्सिलीने लिहिलेलं, करडं, ओळी वर चढत जाणाऱ्या. ३१ पत्रं. वरची पिशवीची ओळ याच हातातली.

८ डिसेंबर
कुडाळच्या एका निवृत्त शिक्षकांनी आजोबांची मोडी पत्रं वाचून दिली. मोडी व्यवहारातून गेली तरी त्यांच्या पिढीच्या हातातून लगेच गेली नाही. मला त्यात फक्त वरची रेघ वाचता येते.

आजोबांचं एक पत्र इथे पूर्ण उतरवावंसं वाटतं, पण एवढंच घेते. २ एप्रिल १९५७ : ‘चि. यास अनेक आशीर्वाद. काल एक तारीख. सरकारने एकाच दिवशी आणे बंद केले आणि कुळांस मालक केले. रुपयाचे पैसे शंभर झाले. आमचे किती उरले ते तलाठ्यास विचारावे लागेल.’

पडताळून पाहिलं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी सुरू झाली, आणि मुंबई कूळकायद्याखालचा कृषकदिनही तोच. म्हणजे ज्या दिवशी सोळा आण्यांचा हिशेब संपला त्याच दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक ठरला. एवढ्या वर्षांत आमच्या घरात दुसऱ्या गोष्टीचं रडगाणं हजारदा ऐकलं. दोन्ही एकाच दिवशी झालं हे कुणी बोललं नव्हतं. आजोबांनी त्याची चेष्टा करून ठेवलीय हेही.

१० डिसेंबर
तारीख नसलेली पत्रं ६० च्या वर आहेत. माझ्या उपयोगाच्या खुणा भिंतीवर लिहून लावल्या :

तिकिटावर ‘नये पैसे’ असेल तर १९५७ नंतरचं आणि बहुतेक १९६४ पर्यंतचं. त्या वर्षी जूनपासून ‘नया’ गळला, पण पोस्टातला जुना साठा नंतरही खपत असणार, म्हणून ‘बहुतेक’. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आमचा ४१६५१६, आजी तो कधीच घालू देत नसे, ‘पोस्टात सगळे वळखतत’ म्हणून. म्हणजे पिनकोड नसला तर काहीच सिद्ध होत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर १ मे १९८१ नंतरचं, त्याआधी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात.

काकांचे लाल शेरे नसते तर मी एवढ्यावर काय दिवे लावले असते कोण जाणे. शेऱ्यांवर दिवस आणि महिना आहे, वर्ष नाही. ऑफिसात फाइलीवर वर्ष असतं, शेऱ्यात नसतं, ती सवय.

१५ डिसेंबर
आज चूक केली. सविस्तर लिहिते, पुन्हा होऊ नये म्हणून.

‘इ’ गटातली दोन पत्रं एकमेकांना चिकटलेली होती. कोरडी पट्टी सरकेना. पाण्यात पिळून घेतलेला कापूस कडेने फिरवला. ओलं जवळजवळ नव्हतंच. पण कागदाने दमट श्वास घेतला आणि करडी अक्षरं माझ्या डोळ्यांदेखत जांभळी झाली. गर्द, जांभळाचा डाग पडावा तशी. आधी एक अक्षर, मग पूर्ण ओळ, मग ती ओळ पसरून खालच्या ओळीत उतरली. टिपकागद ठेवेपर्यंत एक वाक्य गेलं. ‘सुरंगेचे वळेसार’, म्हणजे सुरंगीच्या फुलांचे गजरे, एवढे शब्द वाचता येतात. पुढे ढग.

ही साधी पेन्सिल नव्हे, कॉपिंग पेन्सिल. शिशात ॲनिलिनचा जांभळा रंग मिसळलेला असतो. सुकी असताना करडी, ओलावा लागला की शाई, मग खोडता येत नाही. पावत्या, रजिस्टरं, कचेऱ्या, अशा ठिकाणी चालायची.

आता ‘इ’ गट पूर्ण वेगळा ठेवलाय. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. कापूस कचऱ्यात.

१६ डिसेंबर
आत्या मालवणहून आली, थंडीभर राहील. वय ८५, कान थोडे कमी, स्मरणशक्ती गरजेपुरती. तिला कालचं पत्र दाखवलं. हातात न घेताच म्हणाली, ‘ही पोस्टमनाची पेन्सिल. कानार लावन फिरायचो तो.’

महिनाभर मी अक्षरांची वळणं जुळवत बसले होते.

हकिकत अशी. आजीला लिहिता येत नव्हतं. १९५४ साली काका व्हिएतनामच्या युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात हनोईला गेले, तेव्हा आत्या १५ वर्षांची. आजी सांगायची, आत्या लिहायची. १९६३ साली आत्याचं लग्न झालं आणि ती मालवणला गेली. आजोबांनी तोवर डोळ्यांमुळे लिहिणं सोडलं होतं. बाबा बोर्डिंगात. मग आजी पोस्टमनला खळ्यात, म्हणजे अंगणात, बसवून चहा द्यायची, आणि तो टपालाच्या पिशवीवर कागद ठेवून लिहायचा. पैसे घेत नसे. शहाळं मात्र घ्यायचा.

‘बाबा त्येच्याशी बोलत नाय होते,’ आत्या म्हणाली. तिचे बाबा, म्हणजे आजोबा. का, तर तो आमच्या कुळाचा मुलगा. १९५७ मध्ये ज्यांना जमीन गेली त्यांच्यातला.

२१ डिसेंबर
आत्याबरोबर तिचीच पत्रं वाचली. तिला मजा वाटतेय, मला घाम फुटतोय. कारण तिने कबूल केलं, आणि जराही संकोच न करता : ‘आयेन सांगलां एक, मी लिवलंय दुसरां.’

उदाहरण, १९५९ : ‘गाय हल्ली दूध देत नाही.’ गाय मेली होती.

दुसरं : ‘यंदा घर शाकारण्यास जरा उशीर झाला.’ निम्मं छप्पर पावसात खाली आलं होतं, आणि दोन महिने सगळे स्वयंपाकघरात झोपत होते.

तिच्या मते हे खोटं नव्हे. माणूस एवढा लांब, त्याला इथलं सांगून तो काय करणार? शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस मिळालेली मुलगी. मजकूर नीट मांडायला तिला शिकवलेलं होतं. ‘येथील सर्व क्षेम’ हे तिचं ठरलेलं वाक्य १९ पत्रांत पहिल्या ओळीत आहे.

काकांनी अशा ओळींखाली बारीक टिंबं दिली आहेत. लाल नव्हे, साध्या पेन्सिलीची. आधी मला ते कागदावरचे डाग वाटले होते. ‘हल्ली दूध देत नाही’ याखाली तीन टिंबं. ज्याची रोजीरोटी सांकेतिक तारा उलगडण्याची, त्याला बहिणीचा निबंध उलगडायला कितीसा वेळ लागला असेल.

पोस्टमनच्या पत्रांत एकही टिंब नाही. त्याला निबंध येत नव्हता, किंवा लिहायचा नव्हता. आजी जे बोलेल ते, बोलेल तसं, मालवणीत. मधेच कोंबड्यांना हाकललं तर तेही लिहिलंय : ‘हाड हाड. हां, तर काय सांगी होतंय.’ आजीचा आवाज माझ्या आठवणीत नाही, मी जन्मायच्या आधी ती गेली. तो या ३१ कागदांवर आहे.

२८ डिसेंबर
पार्सल प्रकरण. मे १९६७ मध्ये बेलग्रेडला समुद्रमार्गे डबा पाठवला : सोलं, कुळथाचं पीठ, आंब्याची साठं. ५ जूनला इजिप्त-इस्रायल युद्ध पेटलं आणि सुएझ कालवा बंद झाला तो १९७५ पर्यंत. १४ बोटी तर कालव्याच्या मधल्या सरोवरात आठ वर्षं अडकून पडल्या. बाकी सगळी वाहतूक आफ्रिकेला वळसा घालून.

आजीला यातलं काय कळणार? ती पाच पत्रांत विचारते, डबा पोचलो काय? चौथ्या पत्रात संशय पोस्टावर येतो, आणि ते वाक्यही पोस्टमनने निमूट लिहून घेतलंय : ‘पोस्टातले खातत असतले.’ पुढे स्वतःचं एक अक्षर जोडलेलं नाही. पाचव्या पत्रावर लाल शेरा : ‘डबा पोचला ११/१०. साठं बुरसली. सोलं उत्तम.’

सोलं उत्तमच असणार. ती आफ्रिकाच काय, दक्षिण ध्रुवाला वळसा घालून आली असती तरी.

६ जानेवारी २०२५
‘इ’ गटातलं २२ वं पत्र. तारीख नाही, वेंगुर्ल्याचा शिक्का पुसट. पण पहिलीच ओळ अशी की वर्षच काय, वेळसुद्धा कळते.

‘फाटफटी धरणी हालली. मांडणेवयली भांडी खाली पडली. गोठ्यात ओरड. सगळे खळ्यात इले. तुझो बाबा उठाक नाय.’

हा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आत. कोकणभर जाणवला होता.

त्याच आठवड्यातलं आत्याचं मालवणहून गेलेलं पत्रही ट्रंकेत आहे, १३ तारखेचं : ‘धक्का इकडेही बसला. घरी सर्व सुखरूप. बाबांची प्रकृती उत्तम.’ त्यावर शेरा : ‘पोचले २६/१२.’ उत्तराची तारीख नाही. ‘उत्तम’खाली टिंबं.

पोस्टमनच्या पत्रात ‘उठाक नाय’ या दोन शब्दांखाली लाल रेघ. अख्ख्या ट्रंकेत शेऱ्याबाहेर लाल रंग एवढाच. शेरा : ‘पोचले २९/१२. ३०/१२ रजेचा अर्ज.’

‘उठाक नाय’ म्हणजे उठला नाही. झोप लागली होती म्हणून, की उठता येत नव्हतं म्हणून, मालवणीत दोन्ही तसंच. भूकंपात सगळं घर खळ्यात धावतं आणि एक माणूस आत राहतो. आजीने आजार सांगितला नाही. आजोबांनीच बंदी घातली होती, असं आत्या म्हणते. आजीने भूकंप सांगितला.

काका जानेवारीच्या मध्याला घरी आले. आजोबा फेब्रुवारीत गेले. आमच्या घरात याची गोष्ट वेगळी सांगतात : काकांना परदेशात स्वप्न पडलं, देवाने बोलावणं धाडलं. गेल्या गणपतीत मीच ती पुतण्यांना सांगितली.

आत्याला दोन्ही पत्रं शेजारी ठेवून दाखवली. भिंग धरून बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, ‘माझां पत्र आधी लाव. तारखेन. लपवू नको.’

१४ जानेवारी
संक्रांत. काम नाही. आत्याने तिळाचे लाडू वळता वळता १९६१ च्या डिसेंबरातल्या गोव्याच्या गोष्टी सांगितल्या, त्या ध्वनिमुद्रित करायच्या राहिल्या. हळद-कुंकवाच्या गडबडीत फोन कुठे होता देव जाणे.

२६ जानेवारी
सूची जवळजवळ पूर्ण. अडलंय एका रकान्यात : ‘लेखक’.

हा रकाना नुसता नावापुरता नाही. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो. उद्या यातलं काही छापायचं म्हटलं तर विचारायचं कुणाला? आत्याच्या पत्रांत आजी किती आणि आत्या किती? मी ‘सांगणार’ आणि ‘लिहिणार’ असे दोन रकाने केले. आत्याने तिच्या गटात ‘सांगणार’ खाली आजीचं नाव बघून मान हलवली. ‘निम्म्यांत माझांच नाव घाल.’ पेन्सिल घेऊन बसली आणि कुठली निम्मी ते स्वतः खुणा करून दिलं. १९ ‘क्षेम’पैकी सगळी तिने स्वतःकडे घेतली.

‘इ’ गटात ‘लिहिणार’ खाली पोस्टमनचं पूर्ण नाव घातलं. ते आत्यालाच माहीत होतं. इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय.

९ फेब्रुवारी
पोस्टमनच्या नातवाकडे गेले. आमच्या जुन्या जमिनीवर त्यांची काजूची बाग आहे, वेंगुर्ला-४ ची कलमं, मोहोर छान धरलाय. बी मी त्याच्याकडूनच घेते, सात वर्षं. दरावरून दरवर्षी वाद होतो. या घरांमधलं दुसरं काही आम्ही कधी बोललो नव्हतो.

भूकंपाच्या आणि कोंबड्यांच्या पत्राचे प्रिंट दिले. साधे, काळे-पांढरे, घरच्या प्रिंटरवरचे. त्याने बायकोला हाक मारली, मुलाला हाक मारली. मुलाने मोठ्याने वाचलं, कोंबड्यांच्या पत्रावर सगळे हसले. मग त्याने कागद परत आपल्याकडे घेतले.

‘आमच्या घरात आजोबांच्या हातचां एक अक्षर नाय,’ तो म्हणाला. ‘लोकांचीच लिवली त्येनी.’

छापायला हरकत नाही म्हणाला, नावासकट. चहा झाला. दराचं नंतर बघू, तेही तोच म्हणाला.

उद्याचं काम : ३१ च्या ३१ पत्रांचे प्रिंट त्यांच्यासाठी. कुडाळला जाऊन रंगीत काढायचे. ओलावा लागला तिथलं जांभळं काळ्या-पांढऱ्यात दिसत नाही.